ते दाराशी उभे आहे

१

बेबीचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. ज्यांना दिसत नाही, त्यांना चित्रपट सांगायचा. पडद्यावर कोणी बोलत नसेल तेवढ्या फटीत एखादं वाक्य बसवायचं. बाई खिडकी उघडते. माणूस टोपी काढतो. संपलं. दिसेल तेवढंच लिहायचं, अर्थ सांगायचा नाही, आणि जे ऐकू येतं ते तर मुळीच सांगायचं नाही, कारण ऐकणाऱ्याला ते येतंच ऐकू. इतकी वर्षं हे काम करून तिला एक खोड लागली होती. भांडण असो की बारसं, ती कोपऱ्यात उभी राहून मनातल्या मनात वाक्यं जुळवायची. काका उठतात. काकू तोंड फिरवते.

पन्नाशी उलटली तरी घरात तिचं नाव बेबीच होतं आणि आता ते बदलायला कोणी उरलंही नव्हतं. एक दादा, तो दुसऱ्या शहरात. आणि एक नाना, तिचे वडील, ते मागच्या खोलीत.

या खेपेला स्टुडिओच्या मालकानं जो ॲनिमेशनपट पाठवला होता, त्यानं मात्र बेबीचं डोकं उठलं होतं. एक लांबलचक घर. त्यात एक टेबल. टेबलाभोवती बकरी, बगळा, रानडुक्कर आणि सशांची ही भलीमोठी पलटण. सगळे खातायत. बकरी वाढतेय, बगळा मान वाकडी करून बघतोय, डुक्कर खाता खाता रडतंय. का रडतंय? देव जाणे. एक अक्षर कोणी बोलत नाही. आणि दाराशी एक जनावर उभं आहे. त्याला कोणी आत ये म्हणत नाही, हाकलत नाही, की दार लावून घेत नाही. दीड तास हे असं. शेवटी ते जनावर उंबऱ्यावर खूर आपटतं, सगळ्यांचं खाणं थांबतं, आणि चित्रपट खलास.

सोबत मालकानं शहाण्या लोकांचे अभिप्राय धाडले होते, म्हणजे बेबीला समजायला सोपं जावं. बकरी म्हणजे आज्ञाधारकपणा. बगळा म्हणजे ढोंग. डुक्कर म्हणजे पश्चात्ताप, पण पोट भरल्यानंतरचा. आणि दारातलं जनावर म्हणजे अपराधभाव. बेबीनं कपाळावर हात मारला. अपराधभाव म्हणे! अपराधभावाला चार पाय आणि शेपूट कधी फुटली? चित्रपट काढणाऱ्या या माणसाला धड एक गोष्ट सांगता येत नाही आणि याचं कौतुक करायला जग उभं.

तिची खरी अडचण वेगळीच होती. ते जनावर होतं कोण? तोंड कुत्र्याचं म्हणावं तर कान गाढवाचे. अंग गाईचं म्हणावं तर केस अस्वलाचे. नाव ठरेना, म्हणून तो की ती हेही ठरेना. तीन दुपारी डोकेफोड केल्यावर तिनं सरळ 'ते' लिहून टाकलं. ते दाराशी उभे आहे. स्टुडिओला पुस्तकी भाषा लागायची, बोलण्यातलं 'उभं' चालत नसे, म्हणून 'उभे'. हे वाक्य चित्रपटात फिरून फिरून येत होतं, कारण ते जनावर फिरून फिरून दाराशीच उभं होतं.

तेवढ्यात मागच्या खोलीत वाटीवर चमचा वाजला आणि बेबी उठली.

नानांच्या अंगावरून वारं गेल्याला दोन वर्षं होत आली होती. डावी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात तेवढा राहिला. त्या हातात चमचा आणि उशाशी स्टीलची वाटी. एकदा वाजवलं की हो. दोनदा वाजवलं की नाही. ही युक्ती नानांनीच काढली होती आणि तिच्यावर ते पहिल्या दिवशी खूश होऊन हसलेही होते, अर्ध्या तोंडानं. हेडफोन घातला की तो चमचा ऐकू येत नाही, हे बेबीच्या लक्षात आलं होतं. अलीकडे काम नसलं तरी तिच्या कानावर हेडफोन असायचा.

२

नानांकडे बघायला ठेवलेल्या बाई सोडून गेल्या. दुसऱ्या आल्या, त्याही गेल्या. मग नानांना उचलता उचलता बेबीच्या कमरेत उसण भरली आणि ती आठवडाभर भिंतीला धरून चालत होती. तेव्हा दादानं फोनवर सांगितलं की आता पुरे. त्यानं एक संस्था पाहून ठेवली होती. स्वच्छ होती, डॉक्टर होते, जागाही मिळत होती. रविवारी गाडी येईल म्हणाला. तो चुकीचं काही बोलत नव्हता, आणि बेबीला नेमका याचाच राग येत होता. कोणी जरा वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

राहता राहिला प्रश्न नानांना सांगायचा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? दादा म्हणाला, संस्था वगैरे शब्दच काढू नकोस, माझ्याकडे चार दिवस येताय का असं विचार. तिकडे गेले की रुळतील. हे घर नानांनी कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन बांधलेलं. आजारी पडेपर्यंत त्यांनी एक रात्रही बाहेर काढली नव्हती. लग्नाकार्याला गेले तरी रात्री घरी. पण दादा म्हणतो ते खरं होतं, विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बेबी खोलीत गेली. उशी सारखी केली, पडदा सरकवला, उगीचच औषधांच्या बाटल्या पुसल्या. मग म्हणाली, "नाना, दादाकडे जायचं का थोडे दिवस? हवापालट होईल."

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग चमचा वाटीवर वाजला. बेबीनं श्वास सोडला. आणि जरा थांबून चमचा पुन्हा वाजला.

बेबी तशीच उभी. दुसरा आवाज होता का? की हात दमला आणि चमचा आपोआप वाटीवर पडला? पुन्हा विचारलं असतं तर कळलं असतं. विचारायला तोंडही उघडलं होतं तिनं. पण कमरेत कळ आली, बाहेर फोन वाजला, आणि ती खोलीतून निघून आली. फोनवर दादाच होता. काय म्हणाले नाना?

"हो म्हणाले," बेबी म्हणाली.

मग ती तडक कामाला बसली, कारण स्वतःच्या आवाजातलं कच्चं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. शेवटचं दृश्य राहिलं होतं. जनावर उंबऱ्यावर पाय उचलतं आणि खूर आपटतं. तिनं लिहिलं, ते एकदा खूर आपटते. वास्तविक 'एकदा' लिहायची गरज नव्हती. पण लिहिलं.

३

बेबीचं काम तपासायला स्टुडिओनं एक गृहस्थ नेमले होते. चाळिशीत त्यांची नजर गेली, तरी पुढे कितीतरी वर्षं त्यांनी वकिली केली. जन्मभर लोकांची उलटतपासणी घेतली आणि आता निवृत्त होऊन बेबीची घेत. दर चित्रपटाला त्यांच्या बैठकीच्या खोलीत हा खटला चालायचा. वकीलसाहेब आरामखुर्चीत, मांडीवर मांजर, आणि बेबी समोर स्टुलावर आरोपीसारखी.

त्यांना हा चित्रपट बेहद्द आवडला होता. झालं! आता तासभर सुटका नाही, हे बेबीनं ओळखलं. अभिप्रायवाल्यांना तर त्यांनी एका झटक्यात निकालात काढलं. अपराधभाव वगैरे सब झूट, म्हणाले, हा सरळसरळ जागेचा वाद आहे. दारातल्याला कोणी हाकलत का नाही? परका असता तर पहिल्या पाच मिनिटांत हाकलला असता. आत ये का म्हणत नाहीत? कारण घरच्या माणसाला कोणी आत ये म्हणतं का? त्यांनी बोट उगारलं. "ताबा टेबलावरच्यांचा आहे, बाई. मालकी दारातल्याची."

बेबी म्हणाली, असेल. तिला घरी जायचं होतं. शेजारणीला नानांपाशी बसवून ती आली होती आणि शेजारणीचं तोंड आधीच वाकडं झालं होतं.

मग वकीलसाहेबांनी शेवटचं दृश्य लावायला सांगितलं. तिचं कच्चं रेकॉर्डिंग वाजलं. ते एकदा खूर आपटते. वकीलसाहेब म्हणाले, चूक. दोनदा आपटतं. बेबीनं पुन्हा लावलं. पडद्यावर पाय एकदाच उचलला जात होता आणि एकदाच खाली येत होता. तिनं तसं सांगितलं. ते म्हणाले, मला दिसत नाही हे मान्य, पण ऐकू येतं. प्रतिध्वनी असेल, बेबी म्हणाली.

"प्रतिध्वनी वाट बघत नाही. हा पहिला वाजला, कोणीतरी जरा थांबलं, मग दुसरा वाजला. आणि हा खुराचा आवाजही नाही. भांड्याचा आहे."

बेबीला एकदम हायसं वाटलं. म्हणजे तिच्या रेकॉर्डिंगमध्ये मागच्या खोलीतला चमचा घुसला होता, एवढंच. घरी काम करायचं म्हणजे हे आलंच. तिनं हसून तसं सांगितलं, स्वतःचा आवाज बंद केला आणि नुसता चित्रपट लावून दाखवला. आता ऐका म्हणाली.

दोघांनी ऐकलं. एकदा. आणि जरा थांबून, पुन्हा एकदा. मांजर मांडीवरून उतरून आतल्या खोलीत निघून गेलं.

"तुम्ही 'एकदा' का लिहिलंत?" वकीलसाहेबांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, आणि म्हणूनच बेबीला तो सहन झाला नाही. दिसलं तसं लिहिलं, असं ती जवळजवळ ओरडलीच. मला ऐकायचे पैसे मिळत नाहीत, बघायचे मिळतात.

घरी येऊन तिनं 'एकदा' हा शब्द खोडला. 'दोनदा' मात्र लिहिलं नाही. ते खूर आपटते, एवढंच ठेवलं. खाई त्याला खवखवे, असं नानाच म्हणायचे पूर्वी, साखरेच्या डब्यापाशी कोणी सापडलं की. हे वाक्य नेमकं आत्ताच का आठवावं, म्हणून ती स्वतःवरच वैतागली.

४

स्टुडिओत वाक्यं वाचायला एक तरुण मुलगी होती. आवाज इतका गोड की सगळे तिला मैनाच म्हणत. काचेपलीकडे ती, अलीकडे बेबी आणि मालक, मध्ये पडद्यावर ते दळभद्री टेबल आणि खाणारी जनावरं.

मैना वाचायला लागली आणि पहिल्याच वाक्याला घोळ झाला.

"ते दाराशी उभे आहेत."

बेबीनं थांबवलं. आहेत नाही, आहे. शेवटी 'त' नाही. मैनानं जीभ चावली, सॉरी म्हणाली आणि पुन्हा म्हणाली, ते दाराशी उभे आहेत. मालक म्हणाला, हरकत काय, राहू दे. हरकत काय? बेबी भडकली. अहो, एका 'त'नं जनावराचं माणूस होतं! ते उभे आहे म्हणजे जनावर. ते उभे आहेत म्हणजे कोणीतरी वडीलधारं. आजोबा, सासरे, गुरुजी. ऐकणाऱ्याला वाटेल दारात कोणी म्हातारा उभा आहे.

मैना बाकीचं सगळं बिनचूक वाचायची. बकरी वाढते, बगळा मान वळवतो, सगळं ठाकठीक. त्या एका वाक्याशी आली की 'आहेत'. दहा वेळा झालं, पंधरा वेळा झालं. मालक घड्याळाकडे बघायला लागला. शेवटी बेबी काचेपलीकडे गेली आणि कागदावर बोट ठेवून म्हणाली, वाच बघू इथे काय लिहिलंय ते. मैना रडकुंडीला आली होती.

"दिसतंय ताई मला, 'आहे' लिहिलंय. पण वाचताना वर लक्ष जातं ना. त्यांच्याकडे बघून 'आहे' म्हणवत नाही हो. कसं तरी वाटतं."

"कुणाकडे बघून?"

मैनानं पडद्याकडे हात केला.

बेबीनं बघितलं. हा चित्रपट तिनं इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटून सांगितला असता. पण काचेच्या या बाजूनं ती प्रथमच बघत होती. ते जनावर सगळा भार उजव्या अंगावर टाकून उभं होतं. डावा पुढचा पाय आत मुडपलेला होता, छातीशी. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. पहिल्यापासून असंच होतं का? असणारच. चित्र ते चित्र, ते काय आपोआप बदलतं? मग तिनं ते लिहिलं कसं नाही? दिसेल ते लिहायचं, हाच तर तिचा धंदा. ते आठवायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला, पण आपण आजवर त्या जनावराच्या नेमकं कशाकडे बघत होतो हेच तिला आठवेना.

मालकानं पडदा झाकायला सांगितला. पडदा झाकल्यावर मैनानं एका दमात वाचलं, ते दाराशी उभे आहे. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बेबीनं चहा मागवला आणि तो तसाच ठेवून घरी आली.

त्या संध्याकाळी तिनं नानांना स्वतःच्या हातानं भरवलं. हेडफोन घातला नाही. खरं काय ते सांगून टाकावं असं चार वेळा तिच्या ओठांवर आलं. नाना, दादाकडे नाही नेत आहोत तुम्हाला. पण नाना शांतपणे जेवत होते, आणि शांत माणसाला कशाला दुखवायचं, असं म्हणून तिनं त्यांचं तोंड पुसलं.

५

रविवारी गाडी आली. दादा आला, दोन धट्टेकट्टे सेवक आले. नानांना चाकाच्या खुर्चीत बसवलं तेव्हा त्यातला एक जण दम टाकत म्हणाला की म्हातारबाबांचं वजन बरंच आहे हो. दादा हसला. बेबीला ते विचित्र वाटलं, कारण नाना वाळून काडी झाले होते. परवापर्यंत ती एकटी त्यांना कुशीवर वळवत होती.

नाना आकांत करतील, दाराची चौकट धरून ठेवतील, अशी धास्ती घेऊन बेबी सकाळपासून बसली होती. तसलं काहीच झालं नाही. ते गरीब गाईसारखे गेले. चमचा-वाटी बरोबर द्यायला ती धावली, तर दादा म्हणाला, राहू दे, तिकडे घंटी आहे बटणाची. तेव्हा वाटी आणि चमचा उशाशी जिथे होते तिथेच राहिले. नानांनीही त्यांच्याकडे हात केला नाही. ज्या युक्तीवर ते दोन वर्षं जगले, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

गाडीत चढवल्यावर बेबी आत वाकली. तिला रडू फुटलं. नाना, मी येईन हं भेटायला, रोज येईन, असं काहीबाही ती बोलत होती. नानांनी तिचा हात उजव्या हातात घेतला आणि तोंडाशी नेला. बेबीला वाटलं, नाना मुका घेतायत. लहानपणी घ्यायचे तसा. माफ केलं आपल्याला.

त्यांनी तिचा तळहात चाटला. मनगटापासून बोटांपर्यंत, एकदाच, लांब. जीभ खरखरीत होती.

औषधांनी जीभ कोरडी पडते, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. गाडीचं दार लागलं. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी बेबी हात अंगापासून लांब धरून फाटकात उभी होती. मग आत जाऊन तिनं तो साबणानं धुतला, आणि धुतला म्हणून पुन्हा रडली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण झालेला चित्रपट आला. एकदा सबंध पाहून ठीक आहे एवढं कळवायचं, म्हणजे ही पीडा टळली. घर इतकं शांत होतं की फ्रिजची घरघर ऐकू येत होती. हेडफोनची आता गरज नव्हती, तरी सवयीनं बेबीनं तो घातला.

टेबल आलं. बकरी वाढायला लागली. बगळ्यानं मान वळवली. आणि आता मैनाचं ते वाक्य यायचं, तर आलंच नाही. बेबीनं दाराकडे बघितलं. दार उघडं होतं आणि दारात कोणीही नव्हतं.

तिनं चरफडत चित्रपट मागे नेला, पुन्हा लावला. दार रिकामंच. चुकीची प्रत पाठवली गाढवांनी! मालकाला झाडायला तिनं एक कान मोकळा करून फोन उचलला, तर तोच वाजला. दादा होता आणि आनंदानं त्याला बोलणं सुचत नव्हतं. अगं, चमत्कार झालाय म्हणाला. नाना पोटभर जेवले, स्वतःचं संपवून शेजारच्याच्या ताटातलंही खाल्लं. आणि ते उभे राहिलेत! आपणहून! थांब, तिथल्या बाईंनाच देतो.

संस्थेतल्या बाई फोनवर आल्या. मागे बऱ्याच भांड्यांचा आवाज येत होता, जेवणाची वेळ असावी. बेबीनं विचारलं, नाना कसे आहेत?

"छान आहे की. खाऊन झालं. सकाळपासून दाराशी उभं आहे."

बेबी ताडकन म्हणाली, "उभे आहेत म्हणा. माझे वडील आहेत ते."

"तेच म्हटलं की मी," बाई जरा बुचकळ्यात पडून म्हणाल्या. "हलतच नाही बघा दारातून. बसवलं तरी परत उभं राहतं."

बेबीनं फोन ठेवला. बाईची जीभ घसरली. मैनाची नाही का घसरायची? दिवसभर शंभर म्हाताऱ्यांचं करायचं, त्यात व्याकरण कोण सांभाळतंय? असं तिनं स्वतःला नीट समजावलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला उठली.

मागच्या खोलीत वाटीवर चमचा वाजला.

उंदीर असेल, खिडकी उघडी राहिली असेल. ती चालत गेली, कारण त्या आवाजासरशी उठून चालत जायची तिच्या पायांना दोन वर्षांची सवय होती. खोलीचं दार पुढे लोटलेलं होतं. काल तिनं ते उघडं ठेवलं होतं, हवा खेळती राहावी म्हणून. फटीतून पलंगाचा पायथा दिसत होता आणि नानांची चादर. चादर काल तिनं धुवायला काढली होती. आत्ता ती पलंगावर होती, आणि तिच्याखाली दोन पाय होते. त्यांपैकी डावा बाहेरच्या बाजूला कलंडलेला, गेली दोन वर्षं कलंडत होता तसा.

मग तिकडे दाराशी कोण उभं आहे?

"नाना," बेबी म्हणाली. "नाना, तुम्ही आहात आत?"

चमचा वाजला. एकदा. बेबी वाट बघत राहिली. दुसरा आवाज आला नाही.

तिला हुंदका आला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं. मी ऐकलं होतं नाना, दोन्ही वेळा ऐकलं होतं, चमचा पडला नव्हता, मला माहीत होतं. हे ती मोठ्यानं म्हणाली की मनात, हे तिलाही कळलं नाही. तिनं दाराला हात लावला. आणि लहानपणी या घरात कधी विचारावं लागलं नव्हतं ते विचारलं.

"आत येऊ?"

चमचा वाजला. बेबीनं दार ढकलायला हात दाबला. आणि जरा थांबून, चमचा पुन्हा वाजला.

या वेळी पडला-बिडला म्हणायला काही जागा नव्हती. दोन आवाज, स्वच्छ, ठाम. हात दारावरून खाली आला. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. आतून खाण्याचा आवाज येऊ लागला होता, सावकाश, चावून चावून, आणि तो एकट्याचा नव्हता.

बाहेरच्या खोलीत टेबलावर चित्रपट चालूच होता. काढून ठेवलेल्या हेडफोनमधून मैनाचा बारीक, गोड आवाज आला.

"ती दाराशी उभी आहे."

वाक्यात एका अक्षराचीही चूक नव्हती.